उन्हाची खोट

सर गेले तेव्हा तळोद्यात त्यांची शोकसभा झाली. एकाने त्यांना सूर्याचे उपासक म्हटलं. दुसऱ्याने डिझेलचे कट्टर शत्रू म्हटलं. तिसरा बोलायला उठला तेव्हा मी मागच्या रांगेतून बाहेर आलो आणि उगाचच जीपचं बॉनेट उघडून आत बघत उभा राहिलो. सभागृहातली माणसं सरांबद्दल चांगलं बोलत होती, कारण त्यांच्यापैकी कुणाला सरांच्या घरात दुकान चालवावं लागलं नव्हतं.

सर कुणाचेच उपासक नव्हते. त्यांच्या परसात हँडल मारून चालू करायचं एक जुनं डिझेल इंजिन होतं. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडायची, कुंकू लागायचं. शत्रूला कुणी माळ घालत नाही. आणि सूर्याबद्दल ते काय बोलायचे ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकासमोर, मी सौदा पक्का करत असताना.

माझं त्यांच्याशी भांडण होतं आणि ते मिटलेलं नाही. माणूस गेला म्हणून भांडण मिटतं असं मी मानत नाही. मोलगीच्या वरच्या अंगाला एका डोंगरावरचे सगळे पाडे माझ्या हाताशी आले होते. पहिल्या पाड्याने ‘सौर पंप चांगला आहे’ एवढं म्हणायचा अवकाश, की पुढचे सगळे पंप मीच बसवणार होतो. त्या ऐन वेळी सर तिथे बसलेले होते.

पण ते नंतर. आधी दुकान.

मी खांडबाऱ्याचा. स्टेशनबाहेर पोती उचलली, मग जीपवर क्लीनर झालो, मग त्याच जीपमधून डोंगरात डिझेलचे कॅन पोचवायला लागलो. इंजिनाशिवाय जिथे पाणी चढत नव्हतं तिथे लोक माझी वाट बघायचे. घाटात दरड आली की कॅन खाली आणि पाणी नाल्यात. मग इंजिन दुरुस्त करायला शिकलो. पुढे सरकारी योजनेतून सौर पंप यायला लागले, तेव्हा या भागात सगळ्यांत आधी उडी मारणाऱ्यांत मी होतो. लोक म्हणाले, काल डिझेल विकणारा आज ऊन विकतो. म्हटलं, विकतो. ऊन फुकट असेल, पण पाणी चढवणारं ऊन फुकट नसतं.

सरांचं घर तळोद्यात अशा कोपऱ्यावर होतं, की डोंगरात जाणाऱ्या जीपा तिथेच भरायच्या. जीप भरेपर्यंत माणसं त्यांच्या ओट्यावर बसून राहायची. ज्याला डोंगरात माल विकायचा आहे त्याने असा ओटा सोडू नये. सर आयटीआयमधून निवृत्त झालेले; आयुष्यभर पोरांना डिझेल इंजिन खोलायला आणि जोडायला शिकवलेलं. मी भाडं पाडून मागितलं. ते लगेच हो म्हणाले. संशय यायला तेवढं पुरेसं होतं.

“एक अट शे,” सर म्हणाले. “मी मांगे ऱ्हास. दुकानमा कोनी ऊना आन मले काही बोलनं व्हयनं ते मी बोलसू. तू मले आडावनं नही.”

मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, मागे राहतो, येईल आणि दोन शब्द बोलून जाईल. आयुष्यात एवढी एकच अट मी न घासता मान्य केली.

पहिल्याच आठवड्यात तापीकाठचा एक केळीवाला शेतकरी आला. त्यांच्या घरात अजून गुजराती बोलतात. माणूस सावध, हात बांधून उभा. मी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि सुरू झालो. डिझेल नाही, धूर नाही, आवाज नाही. वीज रात्री येते म्हणून काठी-बॅटरी घेऊन वावरात जायला नको, साप-विंचवाची भीती नाही. तो खुर्चीतून उठून पॅनलच्या काचेवर बोट फिरवायला लागला. दुकानदाराला कळतं. माणूस काचेवरून बोट फिरवायला लागला की माल गेला म्हणून समजावं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. सर. अंगात बनियन, कमरेला लुंगी, हातात डाळीचा चमचा.

“हा म्हणतो ते सगळं खरं आहे,” सर म्हणाले. गिऱ्हाइकाशी ते शाळेतली मराठी बोलत. “आता दुसरं ऐका. ढग आले की हा पंप मान टाकतो. केळीला हवं तेव्हा पाणी देता येणार नाही, ऊन देईल तेव्हा घ्यावं लागेल. गारा पडल्या तर काच गेली. चोर आला तर पॅनल गेलं. आणि बिघडला, तर हा माणूस फोन उचलेल की नाही, ते मी सांगू शकत नाही.”

“मी उचलतो,” मी म्हणालो.

“सोमवारी नव्हता उचलत.”

“सोमवारी मोलगीला होतो. तिथे रेंज नसते.”

“म्हणजे नाही उचलत,” सर केळीवाल्याला म्हणाले. “आता डिझेलवरच राहिलात तर काय, तेही सांगतो.” पण ते सांगायच्या आधी त्यांना काहीतरी आठवलं. “डाळ फिरवून येतो,” म्हणाले आणि परसात गेले.

केळीवाल्याने कप खाली ठेवला. “विचार करीने कहू छू, भाई,” म्हणाला आणि निघून गेला.

मी परसात गेलो तेव्हा माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचला असणार. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “फायदा तुन्हा, खोट मन्ही. आपलं ठरेल शे.”

तो केळीवाला पुढे परत आला आणि पंप घेऊन गेला. हे सर दिसेल त्याला सांगायचे. “मन्ही खोट आयकीसन ऊना तो.” मी म्हणतो, परत आलेला सगळ्यांना दिसतो. न आलेले फक्त दुकानदाराला दिसतात.

गावात त्यांना खोट सर म्हणायचे. समोर म्हटलं तरी ओ द्यायचे.

डाळीचं सांगायला हवं, नाहीतर माणूस कळणार नाही. परसात त्यांची सूर्यचूल होती, आरसा लावलेली काळी पेटी. सकाळी तिच्यात डाळ-तांदूळ ठेवायचे आणि सूर्य सरकेल तशी पेटी फिरवत राहायची. त्यामुळे सर एका जागी कधी बसलेच नाहीत. कुणाच्या पंगतीतून उठायचे, वाक्याच्या मधून उठायचे. एकदा तर पाहुणे मुलगी बघायला आलेल्या घरात सरांना मध्यस्थ म्हणून बसवलं होतं, तिथूनही उठले. मुलाकडच्यांना वाटलं, काहीतरी बिनसलं. “ऊन सरकनं,” एवढं बोलून सर गेलेसुद्धा. त्यांच्याजवळ बसलं की आपल्यालाही बसवत नसे. मी मुळातच पायाला भिंगरी लावलेला माणूस. आम्ही दोघं एका ओट्यावर म्हणजे ओट्याला सुख नाही.

ढगाळ दिवशी डाळ शिजायची नाही. सरांच्या पत्नीने, काकूंनी, स्वयंपाकघराच्या दारामागे एक गॅसचा सिलिंडर ठेवला होता, वर जुनं लुगडं टाकून. आकाश भरून आलं की त्या डाळ हळूच आत आणायच्या, गॅसवर शिजवायच्या आणि भांडं परत पेटीत नेऊन ठेवायच्या. सर जेवायला बसले की म्हणायचे, “आज ऊन नव्हतं, तरी शिजली बघा.” काकू माझ्याकडे बघायच्या. मी छताकडे.

एक दिवस मी सरांना गॅसच्या गोडाऊनसमोर रांगेत उभं पाहिलं. सिलिंडर सायकलच्या कॅरियरला बांधून आणला, दारामागे ठेवला, वर लुगडं टाकलं आणि काही न बोलता डाळ फिरवायला गेले. काकूंनी मला नंतर विचारलं, “ह्यांना कळलं तर नाही ना?” मी म्हटलं, नाही. मी सौद्यात खोटं बोलत नाही, पण हा सौदा नव्हता.

करंजीच्या तेलावर इंजिन चालवायचं त्यांनी एकदा मनावर घेतलं. रस्त्याकडेच्या झाडांच्या शेंगा गोळा करून, घाण्यावर तेल काढून आणलं. इंजिन चाललं. गल्लीत असा कडू धूर भरला की माझं दुकान दुपारी बंद करावं लागलं. संध्याकाळी सर ओट्यावर आले. “डास गयात,” म्हणाले. “शेजारी बी गयात.” मला वाटलं, आता हे तेल विकायला सांगतात की काय. तर म्हणाले, “एका कॅनसाठी अख्ख्या रस्त्याच्या करंजी झोडाव्या लागल्या. सगळ्या जीपा त्याच्यावर चालवायच्या तर माणसानं शेत करायचं कधी?” स्वतःच्या हौसेलासुद्धा त्यांनी सोडलं नाही, हे मी कबूल करतो. पण माझ्या गिऱ्हाइकाला सोडायला काय हरकत होती?

बॅटरीची स्कूटर घेतली तेव्हा ती मिरवायला ते घाटाकडे निघाले. चढाच्या मध्यावर मला दिसले, स्कूटर ढकलत. मी ड्रायव्हरला जीप थांबवायला लावली, आम्ही स्कूटर टपावर चढवली आणि सर दाटीवाटीने आत बसले. जीपमधल्या लोकांनी विचारलं, गाडी कशी आहे? सर म्हणाले, “फार छान आहे. उतार ती चालते, चढ आपण चालायचा.” सगळे हसले. मग सरांनी जीपच्या धुराचा वास घेतला आणि जीपबद्दल सुरू झाले. अक्कलकुवा यायच्या आत ड्रायव्हर मला हळूच म्हणाला, “शेठ, म्हाताऱ्याला उतरवू का?”

आणखी एक. चहाच्या टपरीवर एक प्राध्यापक सांगत होते की पाण्याची वीज सगळ्यांत चांगली, धूर नाही, राख नाही. शेजारी एक माणूस चहा पीत होता. त्याचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, आता तो तळोद्याजवळच्या वसाहतीत राहतो. सरांनी त्याच्याकडे बोट केलं. “ह्याले इचारा.”

तो माणूस म्हणाला, “धूर नाही, खरं आहे. आमच्या गावात पण आता धूर नाही. चूलच नाही.”

प्राध्यापक ओशाळले. म्हणाले, मग धरण वाईटच. तर सर त्यांच्यावर उखडले. “वाईट? मंग तुन्हा घरमा बल्ब कसावर लागस?” चहा अर्धा टाकून प्राध्यापक निघून गेले. असा माणूस. दोन्ही बाजूंनी मारणारा. अशा माणसाच्या घरात मी सौर पंपांचं दुकान थाटलं होतं.

आता डोंगर.

तो पंप मी ऐन हिवाळ्यात बसवला. पाड्यातली तरणी माणसं बायकापोरांसह ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला गेलेली. मला हवी होती सपाट जागा, दक्षिणेकडे मोकळी, जिच्यावर झाडाची सावली पडत नाही. डोंगरात अशी जागा शोधून मिळत नाही. इथे होती. विहिरीच्या जरा वर ओट्यासारखा पसरलेला काळा खडक, अगदी झाडून ठेवल्यासारखा स्वच्छ. माझी माणसं खूश झाली. पाड्यात राहिलेल्या दोन म्हाताऱ्यांना मी विचारलं, इथे बसवू का? ते म्हणाले, बसव.

तिथे आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. आणि सगळ्या पाड्याचं उत्तर दोघांनी द्यायचीही पद्धत नाही. पाडा एकत्र बसतो, सगळे एका मताला येईपर्यंत बसून राहतो, मग जे निघेल ते उत्तर. म्हाताऱ्यांच्या ‘बसव’चा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच होता. पण मला विचारायचं होतं ते मी विचारलं होतं. मी खडकात भोकं पाडली आणि पॅनल उभे केले. जागा चुकली असं मी आजही म्हणणार नाही. कुठल्याही इंजिनिअरला नेऊन दाखवा.

पंप उत्तम चालला. डिझेल इंजिनाच्या धडधडीची सवय असलेला एक म्हातारा धारेत हात धरून मला विचारत होता, “चालू आहे का?” खाली नाल्यापर्यंत उतरून हंडे चढवणाऱ्या बाया वरच्या टाकीपाशी भरायला लागल्या. पलीकडच्या पाड्यांपर्यंत बातमी गेली. तिथले लोक म्हणाले, सगळा पाडा कामावरून परत आला, बसला आणि चांगलं म्हणाला, की आम्हीही घेऊ. मी त्या दिवसाची वाट बघत होतो. नाशिककडचा एक दुसरा विक्रेताही बघत होता.

उन्हाळा लागला आणि पाड्याच्या कारभाऱ्याचा फोन आला. टेकडीवर चढून, रेंज मिळवून केलेला. “शेठ, पाणी बंद आहे. सगळे आलेत. उद्या बसतोय. ये.”

मी जीप काढली तर पुढच्या सीटवर सर आधीच बसलेले. खांद्याला पिशवी.

“तुम्ही कुठे?” मी विचारलं.

“मोलगी. आज ढग शेतस. डाळ लावेल नही.”

उतरवता आलं असतं. पण काकू दारात उभ्या होत्या.

पाड्याजवळ पोचलो तेव्हा लांबून मला पॅनल पांढरे दिसले. वाटलं, फुटले. जवळ गेलो. सगळ्या पॅनलवर कैरीच्या फोडी पसरलेल्या होत्या, एक काच रिकामी नाही. एक म्हातारी बाई उरलेल्या फोडी मांडत होती, एकीला दुसरी न लागेल अशी.

उन्हाळ्यात त्या डोंगरात आमचूर करतात. कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, कडक उन्हात वाळवायच्या आणि मोलगीच्या बाजारात न्यायच्या. पाऊस येईपर्यंतचं मीठ-मिरची त्यावर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मोलगीहून आमचुराची पोती मी स्वतः जीपमधून उतरवलेली आहेत. पण ती पोती कुठल्या उन्हात भरतात, ते बघायला मी कधी गेलो नव्हतो.

मी काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. म्हातारीचा हात थांबला नाही.

“माय, हे आंबा वाळवायचं आहे का?” शेवटी मी म्हणालो.

“छान वाळतो,” ती म्हणाली. “शेळी चढत नाही.”

सरांनी एक फोड उचलली, उजेडात धरली, दाताखाली चावून पाहिली. “काळी नही पडनी,” ते म्हणाले. “हाऊ फायदा तुन्ही कंपनीले म्हाईत शे का रे?”

दुसऱ्या दिवशी पाडा मोहाच्या झाडाखाली बसला. जरा अंतरावर पलीकडच्या पाड्यांची दोन माणसं काठ्या मांडीवर घेऊन बसली होती. ती पाणी बघायला आली नव्हती. उत्तर ऐकायला आली होती. मला दुसरं कुणी दिसत नव्हतं.

“आंबा दुसरीकडे वाळवा,” मी म्हणालो.

“कुठे?” म्हातारीने विचारलं.

“घरावर.”

“कौलावर माकडं येतात.”

“ताडपत्री देतो. अंगणात अंथरा.”

“ताडपत्रीला घाम येतो. फोड काळी पडते. काळी मोलगीला कोण घेईल? तू घेशील?”

लोक हसले. “दोन ताडपत्र्या देतो,” मी म्हणालो. तोंडाला सवय आहे. लोक आणखी हसले.

“हे बघा, खडक मोकळा होता म्हणून तर...”

“मोकळा नव्हता,” म्हातारी म्हणाली. “आम्ही मोकळा ठेवलेला. माझी सासू झाडायची, मग मी.”

मी सरांकडे पाहिलं. दुकानात न बोलावता येणारा माणूस इथे गप्प. मोहाची सावली सरकेल तसे बसल्या जागी सरकत होते.

मग एक तरणी बाई म्हणाली, दुपारपर्यंत आंबा वाळवू, नंतर पाणी चढवा. मी म्हटलं, उलटं करा, दुपारपर्यंत पाणी, नंतर आंबा. म्हातारी म्हणाली, उतरत्या उन्हात फोड नुसती लोळते, वाळत नाही. मी म्हटलं, उतरत्या उन्हात पाणीही लोळतं, चढत नाही. मी पोत्यांचा सौदा केला आहे, इंजिनांचा केला आहे, एकदा तर चालत्या जीपमध्ये जीपचाच केला आहे. उन्हाचा सौदा पहिल्यांदा करत होतो, आणि दोघांनाही हवं होतं ते मधलंच ऊन.

शेवटी मी उठलो. धोतराला माती नसताना झटकावी तशी पँट झटकली. “नको असेल तर सांगा,” म्हणालो. “आजच काढून नेतो. करा परत डिझेलचं इंजिन चालू.”

यात नवीन काही नाही. बाजारात अशा वेळी समोरचा आपला शर्ट धरतो आणि खाली बसवतो. मी उभा राहिलो. शर्ट कुणी धरला नाही. काठीवाल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आणि सर बोलले. सावकाश, सगळ्यांना कळेल अशा मराठीत. “तो उठला आहे, पण जाणार नाही. त्याला पलीकडचे पाडे हवे आहेत. त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते आत्ताच मागून घ्या.”

भर बैठकीत. माझ्याच जीपमधून आलेला माणूस.

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. “आता खोट ऐका. पॅनल खडकावरून काढून कारभाऱ्याच्या शेताच्या बांधावर नेता येतील. तिथे तिसऱ्या प्रहरी या मोहाची सावली पडेल. धार बारीक होईल. हंडा भरेपर्यंत उभं राहावं लागेल.”

“मोहाची एक फांदी तोडली तर...” मी म्हणालो.

“मोह तोडत नाहीत,” कारभारी म्हणाला.

“मग धार बारीक,” सर म्हणाले. “आणि इंजिन परत आणलं, तर ना आंब्याचं भांडण, ना सावलीचं. पण कॅन आला तर पाणी. कॅन कोण आणायचा?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हाच,” कुणीतरी म्हणालं, आणि म्हातारीसकट सगळे हसले.

मग ते त्यांच्या बोलीत बोलत राहिले. मला अर्धं कळत होतं. मी खडकापर्यंत जाऊन परत येत होतो, पुन्हा जात होतो. ऊन कलल्यावर कारभाऱ्याने मला बोलावलं. पॅनल हलवायचे. एकमेकांच्या शेतात जातात तसा सगळा पाडा कामाला येईल, मजुरी नाही. वायर आणि पाइप मी आणायचे. मी म्हटलं, खड्डे तुम्ही खणा. म्हणाले, खणू. मी म्हटलं, दगड तुम्ही भरा. म्हणाले, भरू. म्हातारी म्हणाली, “खडकातली भोकं तू बुजव. फोड पडते आत.” मी हो म्हणालो.

वायर-पाइप घेऊन परत गेलो तेव्हा अख्खा पाडा खडकाशी उभा होता. एकेका पॅनलला चौघं लागली. सरांनीही एक कोपरा धरला. म्हातारी त्यांना म्हणाली, “गुरुजी, सोडा. पडलात तर तुम्हालाही आम्हीच उचलायचं.” सर पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकून बाजूला झाले.

दुपारी धार पहिल्यासारखी पडली. खडकावर फोडी पसरल्या गेल्या. मग मोहाची सावली बांध चढून पॅनलवर आली आणि धार करंगळीएवढी झाली. एका बाईने हंडा लावला आणि दुसरीशी बोलत उभी राहिली. कारभाऱ्याने ती धार बघितली, खडक बघितला आणि म्हणाला, “चालेल.”

मला हवा होता तो शब्द हाच. पण त्या दिवशी पुन्हा आलेले काठीवाले दोघंही तीच करंगळीएवढी धार बघत होते. ते उठले आणि पायवाटेला लागले.

मी त्यांच्यामागे धावलो. चालता चालता सगळे फायदे सांगितले, डिझेल नाही, आवाज नाही, सगळं. वळणावर त्यांच्यातला वयस्कर माणूस थांबला.

“आमच्या पाड्यात ये,” तो म्हणाला.

“माल कधी आणू?”

“माल नको. आधी नुसता ये. बस. मग बोलू.”

परतताना घाट मी गिअर आपटत उतरलो. खाली आल्यावर सरांना म्हटलं, “तुम्ही माझं पान उघडं केलंत. सगळ्यांसमोर.”

सर बाहेर बघत होते. “तू उठना,” ते म्हणाले. “बठ म्हनीसन कोनी सांगी नही ऱ्हायंतं. मंग मी काय करू?”

म्हणजे मला ‘बस’ म्हणणारं कुणी नव्हतं म्हणून ते बोलले, हे त्यांचं म्हणणं. मी ते मान्य केलेलं नाही. मी उभा राहिलो असतो आणखी थोडा वेळ. पाडा बधला असता किंवा नसता, तो माझा सौदा होता. यावर त्यांच्याशी एकदा नीट भांडायचं मी ठरवलं होतं. रोज दुकानात ते काही ना काही निमित्ताने उठून जायचे, आणि पावसाळ्यात ते आजारी पडले, तेव्हा आजाऱ्याशी काय भांडायचं म्हणून थांबलो. ते गेले. काकू आता डाळ सरळ गॅसवर शिजवतात आणि पेटी परसात तशीच आहे, तोंड पश्चिमेला.

दिवाळीनंतर, ऊसतोडीला माणसं बाहेर पडायच्या आत, मी पलीकडच्या त्या पाड्यात गेलो. जीप रिकामी. माझ्या धंद्यात रिकामी जीप डोंगरात नेणं म्हणजे डोकं फिरल्याचं लक्षण. काठीवाला शेतात होता. घरापाशी एक बाई होती. तिने जीपच्या मागे डोकावून पाहिलं.

“काय आणलंस?”

“काही नाही.”

“मग कशाला आलास?”

“बसायला.”

तिचा विश्वास बसला नाही, पण तिने सावलीत खाट टाकली. मी ती उचलून उन्हात नेली, विहिरीच्या वर, एका सपाट मोकळ्या जागेत. चांगली जागा होती, दक्षिणेकडे उघडी. तिथे टाकली आणि बसलो. आता दिवसभर सावली कुठून कुठे जाते ते बघायचं, मुकाट्याने. माझ्यासारख्या माणसाने.

बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “तिथे नको बसू,” ती म्हणाली. “तिथे आम्ही मोहाची फुलं वाळवतो.”

मी उठलो, खाट उचलली आणि तिला विचारलं, “मग कुठे बसू?”